खाद्यउद्योग संघटनेची मनुष्यबळ सेवा: वर्गणी वसूल होते का?

खाद्यउद्योग संघटनांच्या माहितीपत्रकात आता 'रोजगार आणि कौशल्य' असा वेगळा रकाना असतो. त्याखाली सगळीकडे साधारण एकच यादी सापडते. शिकाऊ उमेदवार मिळवून देऊ, जुन्या कामगारांचं प्रमाणीकरण करून देऊ, अन्नसुरक्षा प्रशिक्षण घेऊ, कामगार कायद्यांवर सल्ला देऊ, आयटीआयशी जोडून देऊ, वेतनाचं सर्वेक्षण पाठवू. यातलं काय खरोखर कारखान्याच्या उपयोगी पडतं आणि काय फक्त माहितीपत्रकात शोभतं, ते इथे तपासलं आहे. हे परीक्षण कुणा एका संघटनेचं नाही, या सेवेचं आहे, आणि ते तीस ते दोनशे माणसांच्या कारखान्याच्या बाजूने केलं आहे. त्याहून मोठ्यांकडे स्वतःचा एचआर विभाग असतो. त्याहून लहानांना यातल्या निम्म्या गोष्टी लागूच होत नाहीत.

निकाल आधीच सांगतो. शिकाऊ उमेदवारांचं सरकारी पोर्टलवरचं काम आणि चार-पाच कारखान्यांनी मिळून घेतलेलं प्रशिक्षण, या दोन गोष्टींसाठी वर्गणी द्यावी. प्रमाणपत्रांच्या बॅचला माणसं बसवण्याआधी विचार करावा. रोजगार मेळाव्यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नयेत.

शिकाऊ उमेदवार: सेवेचा सगळ्यात भरीव भाग

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने तो बराच सैल झाला आणि २०१९ मध्ये नियम पुन्हा बदलले. आजच्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. बहुतेक कारखाने पहिली चूक इथेच करतात. एकूण संख्येत कंत्राटी माणसंही धरायची असतात. पगारपत्रकावर २४ आणि पॅकिंगला ठेकेदाराचे ५६ असतील तर आकडा ८० होतो. म्हणजे किमान २ आणि कमाल १२ उमेदवार. पगारपत्रकावर २४च नावं आहेत म्हणून आपण ऐच्छिक गटात बसतो, या समजात राहणाऱ्याला नोटीस येते तेव्हा हिशेब कळतो. नोटिशीनंतरही जागा भरल्या नाहीत तर रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि पुढे दरमहा १,००० रुपये दंड आहे. रक्कम मोठी नाही, पण नोंद राहते.

विद्यावेतनाचे किमान दर २०१९ च्या नियमांत असे होते: पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी ७,०००, पदवीधर ९,०००. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. हे दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा कराराच्या दिवशी पोर्टलवर दिसतो तोच धरावा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी वाटा किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के आहे, पण दरमहा १,५०० रुपयांच्या वर जात नाही. दहावी पास मुलाच्या ६,००० रुपयांत सरकारचे १,५०० आणि तुमचे ४,५००. बारावीच्या ७,००० वर पंचवीस टक्के म्हणजे १,७५० होतात, तरी मिळणार १,५००च, तुमचे ५,५००. तुम्ही स्वखुशीने १०,००० दिले म्हणून सरकारी वाटा वाढत नाही.

आधीच्या टप्प्यात हा वाटा मालकाला परतावा म्हणून मिळायचा. आता तो थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. कागदावर हे सोपं झालं, व्यवहारात एक नवी डोकेदुखी आली. तुम्ही तुमचा वाटा दिल्याची नोंद पोर्टलवर केली नाही तर सरकारचा वाटा निघत नाही. नोंद केली, पण मुलाचं खातं आधारशी जोडलेलं नसलं किंवा वापराविना बंद पडलेलं असलं, तरीही निघत नाही. मुलाला वाटतं कारखान्याने पैसे खाल्ले. दोन महिने असं झालं की तो निघून जातो. म्हणून रुजू होतानाच तीन गोष्टी तपासाव्यात: आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, खातं चालू आहे का, आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी आधारशी जोडलेलं खातं नेमकं हेच आहे का. एकाच माणसाची दोन-तीन खाती असली की पैसे भलत्याच बँकेत जाऊन पडतात आणि इकडे शोधाशोध चालू राहते.

संघटना इथेच कामाला येते. योजनेत त्रयस्थ मध्यस्थाची तरतूद आहे. उद्योगसंघटना ती भूमिका घेऊन उमेदवार गोळा करणं, नोंदणी, करार तयार करणं आणि मासिक नोंदींचा पाठपुरावा करणं ही कामं करू शकते. ऐंशी माणसांच्या कारखान्यात हे काम सहसा हिशेबनिसाच्या गळ्यात पडतं आणि जीएसटीच्या तारखांच्या आठवड्यात ते हमखास मागे पडतं. संघटनेकडे या कामाला नेमलेला एक माणूस असेल, तो वीस कारखान्यांची पोर्टलं सांभाळत असेल आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हजेरी मागत असेल, तर एवढ्यावर वर्गणी वसूल आहे. असा माणूस नसेल आणि 'मार्गदर्शन करू' एवढंच उत्तर मिळत असेल, तर पोर्टलवरची मार्गदर्शिका फुकट आहे.

शिकाऊ उमेदवार स्वस्त हेल्पर म्हणून घेणाऱ्यांसाठी एक इशारा. अधिनियमानुसार तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणूनच त्याला भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा लागू होत नाही. पण कारखान्यात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमचीच राहते. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइमही देता येत नाही. सीझनमध्ये बारा तासांच्या पाळ्या लावणाऱ्या कारखान्याला ही अट नेमकी तिथेच टोचते. चांगली संघटना हे करार करण्यापूर्वी सांगते. उमेदवारांच्या संख्येवर आपलं यश मोजणारी संघटना ते सांगत नाही.

सीझनचा प्रश्न इतक्याने सुटत नाही. ऐच्छिक व्यवसायातलं, म्हणजे उद्योगाने स्वतः ठरवलेल्या कामातलं, शिकाऊ प्रशिक्षण कमीत कमी सहा महिन्यांचं असतं आणि आंब्याच्या पल्पचा कारखाना एप्रिल ते जून पळतो. उरलेल्या महिन्यांत त्या मुलाला काय शिकवणार? दोन उत्तरं आहेत. एक, सीझनच्या वाढीव कामासाठी उमेदवार घेऊच नयेत, तिथे ठरावीक मुदतीची नेमणूक करावी. दोन, उमेदवाराचा कालावधी असा आखावा की सीझनआधीचे तीन महिने यंत्रांची देखभाल आणि स्वच्छता, सीझनमध्ये लाइन, नंतर गोदाम आणि प्रयोगशाळा. दुसरा आराखडा बनवून देणारी संघटना फार थोड्यांना भेटते. त्यासाठी कारखाना आतून माहीत असलेला माणूस लागतो आणि तो कारखान्यातच पन्नास हजारांच्या पगारावर असतो, संघटनेत येत नाही. मालकालाच करार पुढे नेणं अशक्य झालं तर अधिनियमात एक वाट आहे. उमेदवार, दोन्ही मालक आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागार यांच्या संमतीने उरलेला कालावधी दुसऱ्या कारखान्यात पूर्ण करता येतो. एकाच संघटनेचे सदस्य असलेल्या दोन कारखान्यांत हे जमवणं सोपं जातं, पण ही सेवा माहितीपत्रकात सापडणार नाही, मागून घ्यावी लागते.

प्रमाणपत्रं: चौकट चांगली, वापर ढिला

अन्नप्रक्रिया क्षेत्राची कौशल्य परिषद म्हणजे फिक्सी. तिच्यामागे फिक्की ही उद्योगसंघटना आहे. कामाच्या प्रत्येक भूमिकेसाठी तिने पात्रतेची चौकट लिहिली आहे: जॅम-जेली-केचप तंत्रज्ञ, लोणचं तंत्रज्ञ, बेकिंग तंत्रज्ञ, दुग्धप्रक्रिया यंत्रचालक, बहुकौशल्य तंत्रज्ञ वगैरे. प्रत्येक चौकटीत काम कोणतं, ते कोणत्या निकषावर झालं म्हणायचं आणि त्यासाठी काय माहीत हवं, असे भाग असतात. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात या भूमिकांना पातळी दिलेली असते आणि त्यावर व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची देखरेख आहे.

या चौकटींचा सगळ्यात चांगला उपयोग सहसा कुणी करत नाही. त्या डाउनलोड करून आपल्या एसओपीशेजारी, म्हणजे कामाच्या लेखी कार्यपद्धतीशेजारी, ठेवाव्यात. जॅम तंत्रज्ञाच्या चौकटीत रिफ्रॅक्टोमीटरवर घनांश, म्हणजे जॅममधल्या साखरेसारख्या विरघळलेल्या पदार्थांचे टक्के, तपासणं येतं. ते कसं चुकतं आणि चुकल्यावर किती पैसे जातात, हे मात्र कारखान्याला स्वतःच लिहावं लागतं. उकळत्या कढईतला नमुना तसाच काचेवर ठेवला तर रीडिंग खरं असतं त्यापेक्षा कमी येतं, कारण तापमान वाढलं की अपवर्तनांक घटतो. रीडिंग २० अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. ऑपरेटरला ६५ ऐवजी ६२ दिसतं, तो बॅच आणखी शिजवतो आणि प्रत्यक्षात ६८ वर उतरवतो. २०० किलोच्या बॅचमध्ये १३० किलो घनांश असेल तर ६८ ला वजन १९१ किलो भरतं. प्रत्येक बॅचला जवळपास ९ किलो माल वाफ होऊन गेला आणि वर साखर बसण्याची तक्रार आली ती वेगळीच. नमुना बशीत पसरून गार करा, प्रिझम स्वच्छ पुसा, सकाळी शुद्ध पाण्यावर शून्य तपासा. पंधरा मिनिटांचं हे प्रशिक्षण प्रमाणपत्राच्या पूर्ण बॅचपेक्षा जास्त पैसे वाचवतं. संघटनेच्या प्रशिक्षकाला हा प्रश्न विचारून पाहावा. त्याने तापमानाचं नाव काढलं नाही, तर तो वर्गात शिकवणारा आहे, कढईजवळ उभा राहिलेला नाही.

जुन्या कामगारांसाठी पूर्वशिक्षणाची मान्यता हा मार्ग आहे. थोडी ओळख, मग मूल्यमापन, मग प्रमाणपत्र. दहा वर्षं तळणीवर काम केलेल्या पण शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला कागद मिळतो आणि त्याची किंमत त्याला असते, हे नाकारून चालणार नाही. कारखान्याला मात्र त्यातून फारसं काही मिळत नाही, कारण माणूस जे येतं तेच करतो. मूल्यमापन प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने करायचं नसतं, वेगळी संस्था येते. ती बाहेरगावची असेल तर प्रश्नपत्रिका हिंदी किंवा इंग्रजीत येण्याची शक्यता असते. मराठी प्रश्नपत्रिका आणि मराठी बोलणारा मूल्यमापक लेखी मागून घ्यावा, तेही बॅच नोंदवतानाच. उत्तम काम येणारी बाई 'क्रॉस कंटॅमिनेशन' या शब्दाला अडते आणि नापास होते. कच्च्या मालाचा ट्रे तयार मालाच्या टेबलावर का ठेवायचा नाही, असं विचारलं तर ती झोपेत सांगेल.

अन्नसुरक्षा प्रशिक्षण

एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा फोस्टॅक हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१७ पासून चालू आहे आणि बऱ्याच उद्योगसंघटना त्यात प्रशिक्षण भागीदार आहेत. नियम सोपा आहे: अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक २५ माणसांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. ८० माणसांना हिशेबाने ४ पुरतात. पण तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या आणि गावाकडच्या जत्रा धरल्या तर ५ ते ६ करून घ्यावेत. दरवेळी चूक एकच होते. क्वालिटी विभागातल्या सगळ्यांना पाठवलं जातं, ते सगळे जनरल शिफ्टला असतात आणि रात्रपाळीत प्रमाणपत्र असलेला एकही माणूस नसतो. लाइन सुपरवायझर पाठवावेत, त्यातही रात्रीचे आधी.

अभ्यासक्रम निवडताना उत्पादनाचाच घ्यावा. केटरिंगची बॅच भरत नसली की उत्पादनवाल्यांना तिथे बसवण्याचा मोह आयोजकाला होतो. बेकरी, दूध, पॅकबंद पाणी यांसारख्या प्रकारांसाठी विशेष अभ्यासक्रम आहेत. एकट्या कारखान्याकडे पूर्ण बॅचला पुरतील इतकी माणसं नसतात. त्यामुळे औद्योगिक वसाहतीतल्या चार कारखान्यांची मिळून बॅच लावणं हे संघटनेचं नैसर्गिक काम आहे आणि त्यात त्या खरोखर चांगल्या असतात. प्रशिक्षण कुणातरी सदस्याच्या कारखान्यात, चालू लाइनशेजारी ठेवा, असा आग्रह धरावा. हॉटेलच्या हॉलमध्ये पडद्यावर मेटल डिटेक्टर दाखवून काही होत नाही. लोखंड, पितळ-ॲल्युमिनियमसारखा बिनलोखंडी धातू आणि स्टेनलेस स्टील असे तीन टेस्ट पीस मालाच्या मध्यातून आणि कडेने पाठवून पाहायचे असतात, सुरुवातीला, ठरलेल्या वेळांनी आणि शेवटी. तपासणी फसली तर मागच्या यशस्वी तपासणीपासूनचा सगळा माल बाजूला काढायचा. हा शेवटचा नियम पाठ असूनही पाळला जात नाही, कारण तासाभराचा माल अडवण्याचा अधिकार सुपरवायझरला दिलेलाच नसतो. तो मालकाने द्यायचा असतो, संघटना त्यात काही करू शकत नाही.

वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि लसीकरण परवाना नियमांच्या परिशिष्ट ४ मध्येच आहे. संघटनेचं शिबिर असेल तर वेळ वाचतो, एवढंच.

ज्याची खरी टंचाई आहे ते

कारखान्यांना विचारा, लाइन का थांबली? पाउचचं सील सुटतंय, तारीख छापणारं यंत्र रुसलंय, कॉम्प्रेसर ट्रिप झालाय, स्टीम ट्रॅप अडकलाय. हेल्पर कमी पडल्याने थांबणारी लाइन थोडी, फिटर न मिळाल्याने थांबणारी जास्त. आणि संघटनांच्या कौशल्य सेवेत सगळ्यात कमी जागा याच कामाला आहे. कारण उघड आहे. अनुदान आणि बॅचचा आकडा प्रक्रिया तंत्रज्ञांत सहज भरतो. देखभालीच्या वर्गाला यंत्रं लागतात, महागडा प्रशिक्षक लागतो आणि तीसऐवजी आठच मुलं बसतात.

आयटीआयमधून फिटर, इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन-एसी मेकॅनिक येतात, पाया चांगला असतो. पण अन्नाच्या कारखान्यात काम करायचं म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हॉपरच्या वरच्या बेअरिंगला हाताशी असेल ते ग्रीस लावलं जातं. तिथे अन्नाशी अपघाती संपर्क चालणारं एच-१ दर्जाचंच हवं. दुरुस्ती झाली की पान्हे पेटीत जातात, पण काढलेला एक नट कुठे गेला याचा हिशेब कुणी मागत नाही. सील जॉ बसत नाही म्हणून तापमान वाढवलं जातं. खरा दोष टेफ्लॉन पट्टी झिजल्याचा किंवा सीलच्या जागी पावडर उडून बसल्याचा असतो. तापमान वाढवल्यावर फिल्म आक्रसते, कडेला बारीक छिद्रं पडतात आणि गळती दुकानात पोचल्यावर कळते.

संघटनेकडून मागावा तो दोन दिवसांचा जोडवर्ग. पहिल्या दिवशी स्वच्छता क्षेत्रांचे नियम, वंगणाचे दर्जे, दुरुस्तीआधी आणि नंतर अवजारं व सुटे भाग मोजण्याचा तक्ता, दुरुस्तीनंतर लाइन ताब्यात देताना स्वच्छता आणि क्वालिटी अशा दोन सह्या. दुसऱ्या दिवशी चालू एफएफएस (पाउच बनवून, भरून सील करणाऱ्या) यंत्रावर सीलचे दोष मुद्दाम तयार करून ते ओळखणं. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनीअर यासाठी येतो, त्यालाही त्यात ग्राहक दिसतो. पाच सदस्यांचे दहा फिटर एकत्र केले तर खर्च अंगाबाहेर जात नाही. हा वर्ग लावणारी संघटना हातची सोडू नये.

आयटीआयशी जोडणीचा दुसरा रस्ता दुहेरी प्रशिक्षण पद्धतीचा, म्हणजे काही काळ संस्थेत आणि काही काळ कारखान्यात. आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर उद्योगाची माणसं असतात. तुमच्या संघटनेचा प्रतिनिधी तिथे असेल तर तो शेवटच्या बैठकीत काय बोलला, हे जरूर विचारावं. नुसतं नाव असलेले प्रतिनिधी बरेच सापडतात.

कायद्याचा सल्ला

जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यापासून ही सेवा अचानक मोलाची झाली आहे. लेखी नियुक्तीपत्र आता प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. म्हणजे मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवलेलं पगारपत्रक पुन्हा मांडावं लागतं, आणि त्याचा परिणाम ग्रॅच्युइटीवर होतो. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्ष झालं की प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. रात्रपाळीत स्त्रियांना घेता येतं, पण त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर.

खाद्यकारखान्यांना सगळ्यात जवळून लागणारी तरतूद कंत्राटी कामगारांची आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला बंदी आहे. स्वच्छता, उपाहारगृह, माल चढवणं-उतरवणं अशी कामं त्यातून वगळली आहेत, आणि मुख्य कामातही अचानक वाढलेलं काम ठरावीक मुदतीत संपवायचं असेल तर सूट आहे. आता पॅकिंग हे बिस्किटाच्या किंवा मसाल्याच्या कारखान्याचं मुख्य काम की नाही? आंब्याच्या सीझनमधली वाढ 'अचानक' म्हणायची की दरवर्षीची, अपेक्षितच? एकट्याने वकील गाठून दोन हजारांचं मत घेण्यापेक्षा पन्नास कारखान्यांनी मिळून एक पक्कं लेखी मत घेणं आणि राज्याच्या नियमांबाबत कामगार विभागाकडे खुलासा मागणं, हे संघटनेचं काम आहे. ते ती करत नसेल, फक्त राजपत्राची पीडीएफ पुढे ढकलत असेल, तर तेवढ्यासाठी व्हॉट्सॲपचा ग्रुप पुरतो.

नियुक्तीपत्राचा मराठी नमुना मागावा. इंग्रजी नमुन्याचं कुणीतरी घाईत भाषांतर करतं आणि परिवीक्षा काळ, नोटीस मुदत या जागी असं काही लिहून ठेवतं की पुढे वाद झाला तर कागद मालकाच्याच विरोधात उभा राहतो.

वेतन सर्वेक्षण आणि मेळावे

सर्वेक्षण उपयोगी आहे, पण त्यात मध्यमान आणि पट्टे असावेत, कारखान्यांची नावं नसावीत. कुणी किती देतं याची यादी सदस्यांत फिरवणं, किंवा एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत असं ठरवणं, हे स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३ खाली अडचणीत आणू शकतं. 'आपापसात समजूत करून घेऊ' असा ठराव बैठकीत आला तर तिथून उठलेलं बरं. सर्वेक्षणात ऑपरेटर या एका शब्दाखाली रोस्टर (भाजणीचं यंत्र) चालवणारा आणि सिलिंग मशीनवर बसणारा दोघेही मोडत असतील तर आकडा निरुपयोगी. पद, यंत्र, पाळी आणि अनुभव एवढे रकाने हवेतच.

मेळाव्यांबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. फोटो चांगले येतात. मुलाखतीला बसलेल्यांपैकी बरेच जण पाळीचं काम, उभं राहणं, वास आणि थंडी-उष्णता ऐकून दुसऱ्या टेबलाकडे वळतात. त्यापेक्षा आयटीआयच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना अर्धा दिवस लाइन दाखवलेली बरी. नको असेल तो तिथेच नको म्हणतो.

पैसे भरण्याआधी विचारायचं ते

गेल्या वर्षी किती शिकाऊ उमेदवारांचे करार झाले, त्यातल्या किती जणांनी मुदत पूर्ण केली आणि किती जण त्याच कारखान्यात राहिले, हे तीन आकडे वेगवेगळे मागावेत. पहिलाच आकडा सांगितला जातो. मुदत संपलेल्या उमेदवारांना नोकरीत घेण्याचं स्वतःचं धोरण ठरवणं मालकावर अधिनियमानेच टाकलेलं आहे, त्यामुळे तिसऱ्या आकड्याबद्दल तुम्हालाही कुणी विचारू शकतं.

दुसरं, पोर्टलचं काम नेमकं कोण करतं? त्याचं नाव, फोन आणि तो सुट्टीवर गेला तर कोण. पोर्टलचं लॉगिन आणि नोंदणीचा मोबाइल कारखान्याच्याच नावावर ठेवावा. नाहीतर सदस्यत्व सोडल्यावरही ओटीपी संघटनेच्या कारकुनाच्या फोनवर जातो आणि सगळे करार तिथे अडकून राहतात.

तिसरं, प्रशिक्षक लाइनवर काम केलेला आहे का आणि तो तुमच्या कारखान्यात येतो का. चौथं, अनुदानित बॅच नसेल तेव्हा तोच वर्ग किती रुपयांत पडतो. हा दर सांगता येत नसेल तर वर्ग अनुदानासाठी चालतो असं धरावं.

वार्षिक वर्गणी आणि प्रशिक्षणाचं शुल्क यांची बिलं वेगळी मागावीत. शक्य असेल तर पहिल्या वर्षी फक्त उमेदवारांचं काम आणि एक फोस्टॅक बॅच एवढंच घ्यावं. दोघांचा हिशेब मार्चअखेर लागतो: किती महिन्यांच्या विद्यावेतनाच्या नोंदी वेळेत झाल्या, आणि रात्रपाळीत प्रमाणपत्रवाला माणूस आहे की नाही.